ऊती अभियांत्रिकी आणि बालआरोग्य : सांगली-मिरजेच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणाचे आहेत आणि उत्तरे कोण देत आहे?

मिरजेच्या रुग्णालयांत जत-आटपाडीपासून ते सीमेपलीकडच्या अथणी-रायबागपर्यंतची मुले उपचारांसाठी येतात. त्यांच्या पालकांशी बोलताना आणि शाळा-महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे एकत्र केले आहेत. मी त्वचेच्या पेशींवर प्रयोगशाळेत काम करणारी वैद्यकीय संशोधक आहे, शल्यचिकित्सक नाही. त्यामुळे येथील उत्तरे वाचून मुलाची प्रत्यक्ष तपासणी कोणी लांबणीवर टाकू नये.

ऊती अभियांत्रिकी म्हणजे नेमके काय?

एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. एखादी ऊती जन्मतःच नसेल, अपघातात नष्ट झाली असेल किंवा आजाराने निकामी झाली असेल, तर रुग्णाच्या अथवा दात्याच्या जिवंत पेशी घेऊन, त्या एका आधारावर वाढवून, तिच्या जागी नवी ऊती उभी करण्याचे हे शास्त्र आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : पेशी, पेशींना धरून ठेवणारी 'स्कॅफोल्ड' नावाची सच्छिद्र चौकट, आणि कोणत्या पेशीने काय व्हायचे हे ठरवणारे रासायनिक व यांत्रिक संकेत. स्कॅफोल्डचे काम स्लॅबखालच्या सेंट्रिंगसारखे असते. स्लॅब पकडेपर्यंत ते हवेच असते आणि नंतर ते निघालेच पाहिजे. फरक एवढाच की येथे ते काढायला कोणी जात नाही, ते शरीरातच विरघळते. शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांचा दोरा ज्या जातीच्या पॉलिमरचा असतो, त्याच जातीचे पदार्थ यासाठी वापरले जातात.

रसायन अभियंते रॉबर्ट लँगर आणि बालशल्यचिकित्सक जोसेफ व्हॅकँटी यांनी १९९३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळे ही शाखा जगभर ओळखली जाऊ लागली. व्हॅकँटी लहान मुलांच्या यकृताचे प्रत्यारोपण करत असत, आणि मुलाच्या पोटात बसेल एवढे यकृत वेळेवर मिळत नाही ही त्यांची रोजची अडचण होती. म्हणजे या शाखेच्या मुळाशी बालरुग्णच आहे. तरीही आपल्याकडे या विषयाची बातमी येते ती बहुधा प्रौढांच्या गुडघ्यांची असते, हे मला खटकते.

मुलांसाठी वेगळे संशोधन कशाला? मोठ्यांचाच उपचार लहान मापात करता येत नाही का?

येत नाही, आणि बाकीची सर्व उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात. मूल वाढते, त्याच्या शरीरात बसवलेली कृत्रिम वस्तू वाढत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेली हृदयाची कृत्रिम झडप १९९० पासून वापरात आहे आणि तिने देशातील असंख्य प्रौढ रुग्णांना परवडणारा उपचार दिला. परंतु कोणतीही यांत्रिक झडप चार वर्षांच्या मुलाला बसवली, तर दहाव्या-बाराव्या वर्षी ती अपुरी पडू लागते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. शिवाय रक्त पातळ ठेवण्याची गोळी दररोज घ्यावी लागते. खेळताना पडणाऱ्या-झडणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे.

त्वचेचेही तसेच आहे. कोपरावर, काखेत किंवा मानेवर भाजल्यानंतर जो व्रण तयार होतो, तो वाढत्या हाडाच्या वेगाने ताणला जात नाही. जखम भरून घरी गेलेले मूल दोन-तीन वर्षांनी हात पूर्ण सरळ होत नाही, हनुवटी छातीकडे ओढली जाते अशा तक्रारी घेऊन परत येते. याला आकुंचन म्हणतात. त्यात सुरुवातीच्या डॉक्टरांचा हलगर्जीपणा असेलच असे नाही. म्हणून मुलासाठी तयार केलेली ऊती केवळ जगली एवढ्यावर आम्ही समाधान मानत नाही. ती त्या मुलाबरोबर वाढते का, हे पाहावे लागते आणि ते पाहायला वर्षे लागतात.

आमच्या भागात या संशोधनाची गरज कोठे पडते?

माझ्या मते सर्वांत आधी जळितात. कराड, शिराळा, पलूस, वाळवा या पट्ट्यात ऊस आहे आणि उसाबरोबर गुऱ्हाळ आहे. काहिलीतला रस गुळाच्या अवस्थेला येतो तेव्हा त्याचे तापमान सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत गेलेले असते. पाणी शंभरावर उकळते. पाणी अंगावर सांडले तर निदान ओघळून जाते, काकवी मात्र कातडीला चिकटून राहते आणि चिकटलेली असेपर्यंत भाजतच राहते. हंगामात आई-वडील दोघेही कामावर असतात, काहील जमिनीलगत चुलवणावर असते, आणि चालायला नुकतेच शिकलेले मूल तेथेच खेळत असते. गुऱ्हाळ नसलेल्या घरांत हाच धोका बंबाच्या पाण्याचा आणि आंघोळीसाठी जमिनीवर आणून ठेवलेल्या बादलीचा असतो. काहिलीभोवती गुडघाभर उंचीचा कठडा बांधला, तर आमच्या प्रयोगशाळेतून कधीही बाहेर पडेल त्यापेक्षा अधिक त्वचा वाचेल, असे मी गुऱ्हाळमालकांना सांगत असते.

मूल भाजले तर लगेच काय करावे? हळद लावावी का?

भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. अपघाताला तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये सुमारे अडीच हजार भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे पुरेसे पाणी मिळालेल्या मुलांना त्वचारोपणाची गरज लागण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून अधिक कमी आढळली. हा आकडा मी मुद्दाम देते, कारण नळाच्या पाण्यावर लोकांचा विश्वास बसत नाही आणि महाग मलमावर लगेच बसतो. बर्फ लावू नये. लहान बाळ थंडीने गारठू नये म्हणून न भाजलेले अंग पांघरुणात ठेवावे. नंतर स्वच्छ सुती कापडाने जखम झाकून रुग्णालय गाठावे.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा अभिमान मलाही आहे, पण ताज्या भाजल्यावर ती लावू नये. जखम किती खोल आहे हे डॉक्टर तिच्या रंगावरून आणि दाबल्यावर तो रंग कसा बदलतो यावरून ठरवतात, आणि पिवळ्या थराखाली ते दिसत नाही. शिवाय डब्यातली पूड निर्जंतुक नसते. हळदीतील कर्क्युमिन शुद्ध करून मोजक्या मात्रेत स्कॅफोल्डमध्ये घालण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत चालतात, पण त्यांचा आणि स्वयंपाकघरातल्या हळदीचा येथे संबंध जोडू नये. टूथपेस्ट, शाई, तूप आणि माती यांनाही हेच लागू आहे.

खोल भाजलेल्या मुलाला आज प्रत्यक्षात काय मिळू शकते?

पहिला आणि आजही सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे मुलाच्याच मांडीवरून किंवा पाठीवरून पातळ कातडी काढून जखमेवर लावणे. कातडी कमी पडत असेल तर यंत्रातून काढून तिची जाळी केली जाते, म्हणजे थोडी कातडी अधिक जागा व्यापते. चेहऱ्यावर मात्र जाळीची खूण कायम राहते, म्हणून तेथे अखंड कातडीच लावतात. शरीराचा मोठा भाग भाजला असेल तर घ्यायला निरोगी कातडीच उरत नाही, आणि ऊती अभियांत्रिकीचे काम तेथून सुरू होते.

१९७५ मध्ये जेम्स राइनवॉल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवण्याची रीत शोधली. १९८३ मध्ये अमेरिकेत पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग भाजलेल्या अवस्थेत बॉस्टनला आणले गेले. त्यांच्या काखेतील लहानशा तुकड्यातून पेशी वाढवून तयार केलेल्या पातळ पापुद्र्यांनी त्यांच्या शरीराचा जवळपास निम्मा भाग झाकला गेला आणि दोघेही वाचले. हे मोठे यश होते, पण त्याच्या मर्यादाही तेव्हाच दिसल्या. असे पापुद्रे तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि तेवढा काळ जखम उघडी ठेवता येत नाही. त्यांत त्वचेचा खालचा, बळकटी देणारा थर नसतो, त्यामुळे ते नाजूक राहतात आणि त्यांवर फोड येतात.

खालच्या थराची उणीव भरून काढण्याचा मार्ग जॉन बर्क आणि आयोनिस यानास यांनी १९८१ मध्ये मांडला. कोलॅजेन या प्रथिनाची सच्छिद्र चादर आणि तिच्यावर सिलिकॉनचा पडदा अशी ती रचना जखमेवर बसवली की दोन-तीन आठवड्यांत तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात. मग वरचा पडदा काढून त्या जागी अगदी पातळ कातडी लावता येते. 'इंटेग्रा' या नावाने ती आज मिळते आणि ती महाग आहे. जळिताच्या नेहमीच्या उपचारांचा समावेश महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. एखादे विशिष्ट साहित्य त्यात बसते की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधी विचारून घ्यावे.

ही कृत्रिम त्वचा कोणत्या प्राण्यापासून बनते?

हा प्रश्न विचारताना पालक संकोचतात, पण तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. इंटेग्रामधील कोलॅजेन गोवंशीय जनावरांच्या स्नायुबंधापासून काढतात आणि त्यातील दुसरा घटक शार्क माशाच्या कूर्चेपासून येतो. श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेले आणि देशात मान्यता मिळालेले 'कोलेडर्म' हे डुकराच्या पित्ताशयातील सर्व पेशी काढून टाकून उरलेल्या जाळीपासून बनते. सांगली जिल्ह्यातील जैन, हिंदू आणि मुस्लिम कुटुंबांसाठी यांपैकी एखादी गोष्ट अडचणीची असू शकते, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ ती कळणे कोणाच्याच हिताचे नाही. पर्यायही असतात, उदाहरणार्थ दात्याची त्वचा किंवा प्रसूतीनंतर मिळणाऱ्या वारेचा पातळ पडदा. काही कुटुंबे आपल्या धर्मगुरूंना विचारून प्राणिजन्य साहित्याला होकार देतात, काही देत नाहीत. डॉक्टरांनी माहिती द्यावी आणि निर्णय कुटुंबाने घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

डोळ्यात चुना गेला तर दृष्टी परत येते का?

तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लॅस्टिकची पुडी मुलांच्या हाताला सहज लागते. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. दिल्लीच्या एम्समधील नेत्रतज्ज्ञांनी या पुड्यांविषयीचा इशारा २००३ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकातून दिला होता. चुना अल्कधर्मी असल्यामुळे आम्लापेक्षा अधिक खोल उतरतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) नष्ट करतो. या पेशी पारदर्शक पटलाचा वरचा थर आयुष्यभर नवा करत असतात. त्या गेल्या की पटलावर पांढुरका थर आणि रक्तवाहिन्या चढतात, आणि अशा डोळ्यात केवळ नेत्रदानातून मिळालेले पटल बसवले तर ते टिकत नाही.

येथे भारतीय काम खरोखर पुढे आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील शल्यचिकित्सकांनी २०१२ मध्ये एक सोपी पद्धत मांडली. निरोगी डोळ्याच्या कडेवरून सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे आणि वारेच्या पडद्यावर ते जैविक गोंदाने चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात. महागडी पेशी-प्रयोगशाळा लागत नसल्यामुळे ही पद्धत पुढे इतर देशांतही वापरली जाऊ लागली. दोन्ही डोळे जळाले असतील तर स्वतःच्या पेशी घेता येत नाहीत आणि उपचार बराच अवघड होतो. अपघात झाल्याबरोबर पापणी उलटून चुन्याचे कण काढावेत, किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे आणि मग निघावे. धुण्याआधी गाडी शोधू नये.

प्रयोगशाळेत अख्खे मूत्रपिंड किंवा यकृत का बनवता येत नाही?

पेशीला जगण्यासाठी रक्ताची केशवाहिनी साधारण शंभर ते दोनशे मायक्रोमीटरच्या आत असावी लागते, म्हणजे केसाच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरावर. त्वचा आणि डोळ्याचे पटल पातळ आहे, कूर्चेला रक्तपुरवठा फारसा लागत नाही. म्हणून यश प्रथम तेथे आले. जाड अवयवात आतपर्यंत जिवंत रक्तवाहिन्यांचे जाळे विणणे अजून कोणालाही रुग्णांत वापरण्याइतके साधलेले नाही. थ्री-डी छपाईने बनवलेल्या यकृताची छायाचित्रे पाहताना हे लक्षात ठेवावे.

मूत्राशयाची गोष्ट यासाठी बोलकी आहे. पाठीच्या कण्यात जन्मतः फट असलेल्या मुलांचे मूत्राशय आखडलेले आणि ताठर असते. अँथनी अटाला यांनी ४ ते १९ वर्षांच्या सात रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेले मूत्राशय बसवल्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि जगभर ठळक बातम्या झाल्या. त्यानंतर दहा मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. त्यांत मूत्राशयाची क्षमता लक्षणीय सुधारली नाही आणि गंभीर दुष्परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा अधिक झाले. दुसरी बातमी फार थोड्यांनी छापली. मी दोन्ही वाचायला लावते, विशेषतः विद्यार्थ्यांना.

मग हृदयदोष असलेल्या मुलांसाठी काही आशादायक आहे का?

आहे, पण तिची चाल सावध आहे. तोशिहारू शिनोका यांनी १९९९ मध्ये जपानमध्ये चार वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशी पेरलेली, विरघळणाऱ्या पॉलिमरची रक्तवाहिनी बसवली. पुढे तेथे आणखी मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेत कोलंबस येथे चाचणी सुरू झाली तेव्हा वाहिनी अरुंद होण्याचे प्रमाण इतके आढळले की ती थांबवावी लागली. त्याच गटाने मेंढ्यांवर अभ्यास केला आणि सुरुवातीचे हे अरुंद होणे काही महिन्यांत आपोआप कमी होते असे २०२० मध्ये दाखवले. जाळी विरघळते, तिच्या जागी शरीराची स्वतःची भिंत तयार होते आणि ती वाढू शकते, ही मूळ कल्पना टिकून आहे. सध्या जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाने या वाहिनीची वाट पाहत प्रचलित शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

कृत्रिम श्वासनलिकेच्या प्रकरणात काय घडले होते?

पाओलो मॅकियारिनी या शल्यचिकित्सकाने २०११ पासून स्वीडनमध्ये आणि इतरत्र प्लॅस्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या मूलपेशी लावून ती बसवायला सुरुवात केली. पुरेसे प्राणिप्रयोग झालेले नव्हते. २०१३ मध्ये अमेरिकेत दोन वर्षांच्या एका मुलीवरही ही शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांतच ती दगावली. शोधनिबंधांत सांगितलेले यश प्रत्यक्ष रुग्णांत नव्हते, हे सहकारी डॉक्टरांनी उघड केले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला तीन रुग्णांच्या बाबतीत दोषी धरून अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

याच्या शेजारी मिशिगन विद्यापीठातले २०१२चे काम ठेवून पाहावे. श्वासनलिकेची शाखा सतत मिटत असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी तेथे पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पॉलिमरची छोटी नळी थ्री-डी छपाईने मापाप्रमाणे बनवली आणि त्या शाखेच्या बाहेरून बसवली. ती सुमारे तीन वर्षांत विरघळते आणि तोवर मुलाची स्वतःची कूर्चा बळकट होते. त्यात मूलपेशी नव्हत्या, चमत्काराचा दावा नव्हता, आणि बाळाची वाढ गृहीत धरून सगळा हिशेब केलेला होता. माझ्या विषयातले हे मला सर्वांत आवडणारे काम आहे.

मुलांसाठी असा एखादा उपचार अधिकृतपणे मंजूर झाला आहे का?

झाला आहे. काही बाळे थायमस ग्रंथीविना जन्मतात. त्यांची प्रतिकारशक्तीच उभी राहत नाही आणि उपचार न मिळाल्यास ती साधारणतः दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाहीत. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी इतर बाळांच्या छातीतून थायमसचा काही भाग तसाही काढावा लागतो. तो प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे ठेवून त्याचे पातळ काप रुग्ण बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवण्याची पद्धत अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात लुईस मार्कर्ट यांनी विकसित केली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. प्रतिकारशक्ती तयार व्हायला सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफीवर 'स्टेम सेल थेरपी' घ्यावी का?

पैसे भरून घेऊ नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसाठी केले जाणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण बोनमॅरो प्रत्यारोपण म्हणतो, तेवढेच मान्य उपचार आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला त्याने पूर्ण बरे करता येऊ शकते. त्यापलीकडचा मूलपेशींचा वापर हे संशोधन आहे, आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणे नीतीला धरून नाही. ज्या पालकांनी शेत गहाण ठेवून लाखो रुपये भरले, त्यांच्याशी बोलताना मला त्यांच्या अज्ञानाचा राग येत नाही. पहिल्याच भेटीत पॅकेज आणि हप्ते सांगणाऱ्यांचा येतो.

असा प्रस्ताव आला तर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधील नोंदणी क्रमांक, नीती समितीचे मंजुरीपत्र, आणि इजा झाल्यास भरपाई कोण देणार याचा उल्लेख. रजिस्ट्रीत क्रमांक कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. मात्र नोंदणी म्हणजे शासनाची शिफारस नव्हे.

नाळेतील रक्त खासगी बँकेत साठवावे का?

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये याविषयी स्पष्ट भूमिका घेतली आहे. साठवलेले रक्त त्याच मुलाला पहिल्या वीस वर्षांत वापरावे लागण्याची शक्यता अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतकी कमी सांगितली जाते. शिवाय आजार जनुकीय असेल तर तोच दोष त्या रक्तातही असतो, म्हणजे ते निरुपयोगीच ठरते. घरात आधीच एखाद्या भावंडाला प्रत्यारोपणाची गरज असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

माझ्या मुलाला एखाद्या चाचणीत घ्यायचे असेल तर संमती कोण देते?

संमती आई-वडील किंवा कायदेशीर पालक देतात. त्याशिवाय सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो. बाराव्या वर्षापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. कागद मराठीत हवा, आणि सीमाभागातील कुटुंबासाठी कन्नडमध्ये. 'डॉक्टरसाहेब म्हणतात तर करा' या वाक्याला आम्ही संमती मानत नाही, आजोबांनी म्हटले असले तरी. मधूनच बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही.

प्रयोगशाळेत दिवसभर काय चालते?

बराचसा वेळ पेशींना खाऊ घालण्यात जातो. ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये पेशी सपाट बाटल्यांत गुलाबी द्रवाखाली चिकटून वाढतात. द्रव पिवळसर झाला म्हणजे त्यांनी अन्न संपवून आम्ल सोडले आहे. दोन-तीन दिवसांनी तो बदलावाच लागतो. गणपती असोत, दिवाळी असो, पेशींना सुट्टी कळत नाही. द्रव एका रात्रीत गढूळ झाला तर जंतुसंसर्ग झालेला असतो आणि अख्खी बाटली टाकून द्यावी लागते. वीज गेल्यावर इनक्युबेटरचे दार न उघडणे हा आमच्याकडे नवख्याला शिकवला जाणारा पहिला नियम आहे.

माझ्या मुलीला हे क्षेत्र निवडायचे आहे. कोठून सुरुवात करावी?

एमबीबीएस हा एकमेव रस्ता नाही. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायन किंवा पॉलिमर अभियांत्रिकी यांतील पदवीनंतरही येता येते. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयआयटी मुंबई, तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था आणि वेल्लोरचे मूलपेशी संशोधन केंद्र ही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. मराठी माध्यमाचा अडथळा वर्षभरात सरतो. हाताची स्वच्छ, सावकाश काम करण्याची सवय आणि वही रोज लिहिण्याची शिस्त अधिक कामाला येते.

जन्मदोष टाळता येतात का, आणि लवकर कसे कळतात?

काही टाळता येतात. गर्भधारणेआधीपासून ते पहिले तीन महिने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास मेंदू आणि कण्याच्या दोषांचे प्रमाण बरेच घटते. आधीचे मूल असे असेल तर डॉक्टर दहापट मात्रा देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी कमी झाली. गोळी दिवस गेल्याचे कळल्यावर नव्हे, लग्नानंतर मूल हवे असे ठरल्यावर सुरू करायची असते, हे सासू-सुनेला एकत्र बसवून सांगावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यात नवजात बाळाची तपासणी आशाताई, पुढे अंगणवाडीत आणि शाळेत फिरते पथक करते, आणि दोष आढळल्यास मुलाला पुढील उपचारांसाठी पाठवले जाते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

आम्ही सामान्य लोक यात काही मदत करू शकतो का?

त्वचादान करता येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठीवरून कातडीचा केवळ वरचा पातळ थर घेतला जातो. रक्तस्राव होत नाही, शरीर विद्रूप होत नाही, आणि रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ बी व सी, त्वचेचा कर्करोग किंवा पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर त्वचा घेता येत नाही. वय साठ-सत्तर असले तरी चालते. ही कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंशांवर पाच वर्षांपर्यंत ठेवता येते. भाजलेल्या मुलाच्या अंगावर ती कायमची राहत नाही, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारते. पण वर सांगितलेले पापुद्रे वाढायला तेवढाच काळ लागतो, आणि तोवर जखम झाकून ठेवायला तिच्याइतके चांगले दुसरे काही नाही. मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. आपल्या गावाला जवळची पेढी कोणती आणि तिचे पथक घरी येते का, हे जिल्हा रुग्णालयात आधी विचारून तो दूरध्वनी क्रमांक घरातल्यांना माहीत करून ठेवावा, कारण सहा तासांपैकी दोन-तीन तास नातेवाईकांना कळवण्यातच जातात.